आक्रमणातील खेळाडूने लॅक्रॉसचे हेड कसे निवडावे

पुण्यात क्रिकेटची बॅट घ्यायला गेलेला माणूस दुकानात चार बॅटी हातात घेऊन पाहतो, वजन तोलतो, ठोकून आवाज ऐकतो आणि मगच भावाचे बोलणे काढतो. लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलून, फेकून गोल करण्याचा खेळ; त्याच्या स्टिकबाबत ही चैन अजून आपल्या नशिबी नाही. हेड, म्हणजे स्टिकच्या टोकाची चौकट, पडद्यावरचे छायाचित्र पाहून मागवावे लागते, नाहीतर अमेरिकेतून सुट्टीला येणाऱ्या चुलतभावाच्या बॅगेत जागा मागावी लागते. आणि हाती आलेले हेड पटले नाही म्हणून सातासमुद्रापार परत पाठवणे कोणालाच परवडत नाही. त्यामुळे निवडीचा सगळा विचार मागणी नोंदवण्यापूर्वीच करावा लागतो. पुढील विवेचन पुरुषांच्या खेळातील आक्रमक खेळाडूंना, त्यातही पहिले किंवा दुसरे हेड घेणाऱ्यांना समोर ठेवून केले आहे. महिलांच्या खेळातील हेड आणि नियम वेगळे असल्याने त्यांचा उल्लेख पुढे नियमांच्या ओघात तेवढाच केला आहे.

प्रथम अवयवांची ओळख करून घ्यावी, कारण विक्रेत्यांची सगळी वर्णने याच शब्दांत असतात. दांड्याला शाफ्ट म्हणतात आणि त्याच्या टोकावर एका स्क्रूने बसवलेली प्लॅस्टिकची चौकट म्हणजे हेड. शाफ्ट जिथे आत शिरतो तो हेडचा गळा. गळ्याच्या लगेच वर फोमचा एक छोटा तुकडा चिकटवलेला असतो, तो बॉल स्टॉप. तिथून दोन्ही बाजूंच्या भिंती, म्हणजे साइडवॉल, पसरत वर जातात आणि ज्या कमानीने त्या एकमेकींना मिळतात, जिने जमिनीवरचा चेंडू उचलला जातो, ती कमान म्हणजे स्कूप. या चौकटीत मेश, म्हणजे जाळी, दोऱ्यांनी ओवली की जी झोळी तयार होते तिला पॉकेट म्हणतात. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची स्टिक हिकरीचे लाकूड वाकवून केलेली, एकसंध असे. तिचा बरावाईटपणा कारागिराच्या हाती होता. १९७०च्या सुमारास बाल्टिमोरच्या एसटीएक्स कंपनीने प्लॅस्टिकचे हेड बाजारात आणले, हेड सुटे झाले आणि निवडीची डोकेदुखी खेळाडूकडे आली.

आपण मैदानात नेमके कुठे उभे राहता?

मैदानी लॅक्रॉसमध्ये दहा खेळाडूंपैकी तिघे आक्रमणाचे असतात, परंतु या तिघांची कामे सारखी नसतात, आणि ‘आक्रमणाचे हेड’ या एकाच शिक्क्याखाली विकली जाणारी हेडे या तिघांनाही सारखीच उपयोगी पडत नाहीत. ६ फूट रुंद आणि ६ फूट उंच अशा गोलच्या मागेही मैदान १५ यार्ड पसरलेले असते, आणि त्या मागच्या जागेला, जिला खेळाडू ‘एक्स’ म्हणतात, उभा राहणारा खेळाडू प्रामुख्याने पास देतो. त्याला चेंडू पॉकेटमधून चटकन आणि दर वेळी एकाच कोनात सुटलेला हवा असतो. दुसरा खेळाडू बाजूने बचावपटूला चकवून धावतो. धावताना त्याच्या स्टिकवर, हातमोज्यांवर समोरच्याच्या स्टिकचे फटके बसत असतात आणि तरीही चेंडू आत राहिला पाहिजे. तिसरा गोलसमोर क्रीझजवळ, म्हणजे गोलभोवती आखलेल्या वर्तुळाजवळ, घोटाळत राहतो, गर्दीत वेडावाकडा येणारा पास झेलतो आणि झेलल्या झेलल्या मारतो. त्याच्या स्टिकमध्ये चेंडू अर्धा सेकंदही राहत नाही, मग चेंडू धरून ठेवण्याच्या गुणाचे त्याला काय मोल? त्याला मोठे तोंड हवे.

आपण यांपैकी कोण, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. नव्या खेळाडूंपैकी बहुतेकांना आपण दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे चकवून धावणारे आहोत असे वाटते, कारण चित्रफितींत तेच सर्वांत देखणे दिसते. प्रत्यक्ष सरावात मात्र त्यांचा बराचसा वेळ निसटलेला पास जमिनीवरून उचलण्यात जातो.

रुंदी: सर्वांत जास्त फसवणारे माप

आक्रमणासाठी अरुंद हेड घ्यावे, हा सल्ला सर्वत्र आढळतो. त्यामागे खरे कारण आहे. चेंडूचा व्यास साधारण ६.३ सेंटिमीटर असतो. भिंती चेंडूच्या जवळ असतील तर तो पॉकेटमध्ये इकडेतिकडे हलत नाही, फटका बसला तरी निसटत नाही आणि मारताना एकाच नाळेतून घसरत बाहेर पडतो. तोटाही तितकाच खरा आहे: झेलताना लक्ष्य लहान होते आणि चेंडू प्लॅस्टिकच्या कडेवर आपटून उडण्याची शक्यता वाढते.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील शालेय आणि महाविद्यालयीन नियमांनुसार हेड त्याच्या सर्वांत रुंद जागी आतून किमान ६ इंच असावे लागते. म्हणजे स्कूपजवळच्या रुंदीत कंपन्यांना फारशी मोकळीक नसते, आणि एक हेड दुसऱ्यापेक्षा अरुंद आहे असे म्हणतात तेव्हा खरा फरक खालच्या दोनतृतीयांश भागात असतो. काही हेडांच्या भिंती गळ्यापासून बऱ्याच उंचीपर्यंत जवळजवळ समांतर जातात आणि शेवटी एकदम फाकतात. इतरांच्या भिंती गळ्यापासूनच हळूहळू, सुपासारख्या उघडत जातात. छायाचित्र पाहताना म्हणूनच वरच्या कमानीकडे पाहत बसू नये. हेडच्या बरोबर मधोमध बोट ठेवावे आणि तिथली रुंदी चेंडूच्या किती पट दिसते ते पाहावे. चेंडू ठेवलेले छायाचित्र मिळाले तर सोन्याहून पिवळे.

माझे मत विचाराल तर, पुण्यात खेळणाऱ्याने पहिले हेड फार अरुंद घेऊ नये. आम्ही सराव करतो ते मैदान मुरमाचे आहे. भरीव रबराचा, १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा चेंडू अशा जमिनीवर एका खड्यावर पडला तर गुडघ्याइतका उडतो, दुसऱ्यावर पडला तर घसरत निघून जातो. पास देणाराही आपल्यासारखाच शिकाऊ असतो. चेंडू छातीशी येईल म्हणून स्टिक धरावी तर तो कमरेखाली येतो. ज्या खेळाडूंनी हट्टाने सर्वांत अरुंद हेड आणले त्यांच्यापैकी दोघे जण आजही चेंडू अडवल्यावर तो कडेवरून टणकन उडताना पाहून हळहळतात, आणि त्यातला एक मी आहे. मधल्या भागात हळूहळू उघडणारे, मध्यम रुंदीचे हेड घेतले तर थोडी पकड जाते, परंतु ती पॉकेट ओवताना बऱ्याच अंशी परत मिळवता येते. झेलण्याची जागा मात्र ओवून वाढवता येत नाही.

स्कूपच्या आकाराचा विचारही याच मैदानावर करावा. टोकदार, गोलसर कमान चेंडूला मध्यावर आणते आणि मारताना दिशा नीट देते. सपाट कमान जमिनीला जास्त लांबीने टेकते आणि पडलेला चेंडू सहज आत घेते. फार टोकदार स्कूप मुरमावर खरवडून लवकर झिजतो आणि त्याची कड दातेरी होते. मऊ पॉलिश पेपरने ती अधूनमधून घासून घ्यावी, म्हणजे जाळी आणि सोबत्यांचे हात दोन्ही वाचतात.

चेंडू कुठे बसणार?

हेड बाजूने पाहिले की साइडवॉलची खालची कड सरळ नसून कुठेतरी खाली झुकलेली दिसते. हा झोक जिथे सर्वांत खोल, तिथे पॉकेटचा तळ नैसर्गिकपणे बसतो. झोक स्कूपकडे असेल तर उंच पॉकेट, मधोमध असेल तर मध्यम आणि गळ्याजवळ असेल तर खालचे पॉकेट तयार होते. उंच पॉकेटमधून चेंडूला बाहेर पडण्यासाठी कमी अंतर कापावे लागते, त्यामुळे तो झटकन सुटतो. एक्सवरून पास देणाऱ्याला आणि क्रीझवर मारणाऱ्याला हे मानवते. खालच्या पॉकेटमध्ये चेंडू हाताच्या जवळ राहतो, त्यामुळे धावताना तो सांभाळणे सोपे जाते, मात्र सुटायला त्याला लांबचा रस्ता पडतो. जिथे झोक नाही तिथे जबरदस्तीने पॉकेट पाडता येते, पण दोऱ्यांवर सतत ताण राहतो आणि ते पॉकेट चार पावसांत जागा सोडते. ओवण्यासाठी साइडवॉलला किती भोके आहेत आणि ती कुठे दाट आहेत, हेही पाहावे. भोके जास्त असली की पॉकेटची जागा बोटभर वरखाली करता येते.

बाजूनेच पाहताना आणखी एक गोष्ट दिसते. बहुतेक आधुनिक हेडांमध्ये गळ्यानंतरची चौकट शाफ्टच्या रेषेपेक्षा किंचित खाली उतरलेली असते. याला ऑफसेट म्हणतात. चेंडू दांड्याच्या रेषेखाली बसल्यामुळे तो हाताला जास्त जाणवतो आणि पकडही वाढते, परंतु हा उतार फार असेल तर चेंडू उशिरा सुटून खाली वळतो. खेळाडू त्याला व्हिप म्हणतात. थोडा व्हिप आक्रमकाला आवडतो. फार झाला की पास समोरच्याच्या बुटांवर पडतात.

ताठपणा आणि आपले हवामान

वर्णनांत हेड किती ताठ आहे याची बरीच चर्चा असते. बचावपटूला स्टिकवर स्टिक आपटायची असते म्हणून त्याला ताठ हेड हवे. फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना जमिनीवरच्या चेंडूसाठी दोघांत होणारी झटापट, घेणाऱ्याला दाबल्यावर वाकून चेंडू चिमटीत धरणारे लवचीक हेड हवे. आक्रमकाला या दोन्हींच्या मधले, पण ताठपणाकडे झुकणारे पुरते. हलके हेड म्हणजे चांगले हेड, असे समीकरण मात्र मांडू नये. नुसत्या हेडांच्या वजनात जो फरक असतो तो बहुधा २०-२५ ग्रॅमांच्या आतला, आणि वजन वाचवण्यासाठी भिंतीतले प्लॅस्टिकच कमी केलेले असते.

हेडचे प्लॅस्टिक बहुधा नायलॉन जातीचे असते आणि नायलॉन हवेतील दमट ओल शोषून घेतो. ओल शोषली की तो मऊ पडतो, उष्णतेनेही मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो. जुलैत पुण्याच्या दमट हवेत तेच हेड हाताने सहज दाबले जाते, जे डिसेंबरच्या सकाळी दाबताना बोटे दुखतात. त्यामुळे कंपनीने जे आधीच ‘लवचीक’ म्हणून विकले आहे ते पावसाळ्यात ढिले वाटणार, हे गृहीत धरून एक पायरी ताठ हेड घ्यावे.

उन्हाळ्याचा धोका यापेक्षा वेगळा असतो. माझे पहिले हेड मी एप्रिलमध्ये गाडीच्या मागच्या काचेखाली, वर किटबॅग टाकून, दुपारभर ठेवले. संध्याकाळी ते काढून टेबलावर पालथे ठेवले तेव्हा चार कडांपैकी तीनच टेकत होत्या आणि बोट लावले की हेड डुगडुगत होते. त्यानंतर मारलेला प्रत्येक चेंडू डावीकडे जाऊ लागला. गरम पाण्यात धरून ते सरळ करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ते दुसऱ्या बाजूला पिळले गेले. हेड मुद्दाम तापवून, चिमटवून अरुंद करण्याची युक्तीही काही जण सांगतात. त्यात प्लॅस्टिकची ताकद जाते आणि रुंदी नियमाखाली उतरली तर सामन्यात स्टिकच बाद ठरते.

सिक्सेस खेळणार असाल तर

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी लॅक्रॉसचा समावेश मंजूर झाला. त्याच ठरावात क्रिकेटही असल्याने आपल्याकडे लॅक्रॉसची बातमी क्रिकेटखाली झाकली गेली. ऑलिम्पिकमध्ये खेळला जाणार आहे तो सिक्सेस हा प्रकार: गोलरक्षकासह सहा खेळाडू, ७० मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद मैदान, आणि चेंडू ताब्यात आल्यावर गोलवर मारण्यासाठी ३० सेकंद. दहा-दहा खेळाडू जमवणे जिथे दुरापास्त आहे, तिथे हाच प्रकार सोयीचा आहे.

हेडच्या निवडीवर याचा थेट परिणाम होतो. सिक्सेसमध्ये नुसता आक्रमक असा कोणी उरत नाही. जो गोल मारतो तोच पाच सेकंदांनी मागे धावत बचाव करतो, आणि लांब दांड्याची बचावपटूची स्टिकही या प्रकारात नसते. म्हणून सिक्सेससाठी सर्वगुणी हेड घ्यावे. कंपन्यांच्या नावांतील अक्षरे येथे उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, स्ट्रिंगकिंगच्या मार्क टू मालिकेत ए म्हणजे आक्रमणाचे, डी म्हणजे बचावाचे, एफ म्हणजे फेसऑफचे आणि व्ही म्हणजे सर्व कामांचे हेड; वॉरियरच्या एव्हो मालिकेत ओ आक्रमणासाठी आणि डी बचावासाठी. सिक्सेस खेळणाऱ्या पुणेकराने ए आणि व्ही यांत अडकल्यास व्ही घ्यावे, असे मी निःशंकपणे सांगेन.

नियमांबाबत थोडक्यात. पुरुषांच्या खेळात पॉकेटमध्ये चेंडू ठेवून स्टिक डोळ्यांच्या उंचीला आडवी धरली असता चेंडूचा माथा साइडवॉलच्या खालच्या कडेखाली जाता कामा नये. मधून उजेड दिसला तर पॉकेट फार खोल झाले. स्टिक उलटी केली की चेंडू आपोआप पडला पाहिजे. अमेरिकन शालेय आणि महाविद्यालयीन नियमांत शूटिंग स्ट्रिंग, म्हणजे जाळीतून आडव्या ओवलेल्या दोऱ्या, स्कूपपासून ४ इंचांच्या आत ठेवाव्या लागतात. महिलांच्या खेळात पॉकेट बरेच उथळ असते, चेंडूचा माथा साइडवॉलच्या वरच्या कडेच्याही वर दिसावा लागतो, आणि हेडही त्या खेळासाठी बनवलेलेच लागते. शाफ्टही वेगळा असतो: पुरुषांचा १ इंच जाडीचा तर महिलांचा ७/८ इंच. भावाचे हेड बहिणीच्या शाफ्टवर बसवण्याचा घरगुती काटकसरीचा बेत म्हणूनच फसतो.

हेड हातात आल्यावर

शक्य असेल तर हेड आणि जाळी सुटी मागवून स्वतः ओवायला शिकावे. पहिल्या वेळी ते जमणार नाही असे वाटत असेल तर ओवून तयार असलेले हेड घ्यावे, परंतु सोबत सुट्या दोऱ्यांचा एक संच मागवावा, कारण दोरी तुटते ती नेमकी शनिवारी रात्री. जाळी मध्यम मऊ, म्हणजे सेमी-सॉफ्ट, घ्यावी. पावसाळ्यातही सराव बंद होत नसेल तर मेण दिलेली जाळी पाणी कमी पिते आणि पॉकेट कमी बदलते.

पार्सल उघडल्यावर हेड काचेच्या टेबलावर पालथे ठेवून डुगडुगते का ते पाहावे. गळ्याच्या टोकातून स्कूपकडे एक डोळा मिटून, सुतार फळी पाहतो तसे पाहावे. शाफ्टवर बसवल्यावर हेड किंचितही खडखडत असेल तर शाफ्टच्या टोकाला हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्यावेत आणि पुन्हा दाबून बसवावे. स्क्रू आवळून खडखड जात नाही, उलट गळ्याला चीर पडते.

नवे पॉकेट पाडण्यासाठी लॅक्रॉसचाच चेंडू वापरावा. आमच्याकडच्या मुलांनी घरात सहज सापडणारा क्रिकेटचा लेदर बॉल रात्रभर जाळीत दाबून ठेवला होता. तो १५६ ते १६३ ग्रॅमांचा आणि लॅक्रॉसच्या चेंडूपेक्षा जवळजवळ सेंटिमीटरभर जाड असतो. पॉकेट नको तितके रुंद झाले आणि शिवणीने जाळीचे धागे उसवले ते वेगळेच.

त्यानंतर भिंत गाठावी. सोसायटीच्या भिंतीवर दुपारी दोन वाजता चेंडू मारण्याचा प्रयोग आम्ही एकदाच केला. आता मैदानाची मागची भिंत वापरतो. खडूने डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी रेघ काढावी, सात-आठ पावलांवर उभे राहावे आणि दोन्ही हातांनी प्रत्येकी पन्नास पास रेघेवर मारावेत. बहुतेक चेंडू रेघेखाली पडत असतील तर सर्वांत वरची शूटिंग स्ट्रिंग थोडी सैल करावी, वर जात असतील तर आवळावी, आणि दर बदलानंतर पुन्हा वीस-पंचवीस पास मारून पाहावेत. एका वेळी एकच दोरी बदलावी आणि जुन्या गाठीच्या जागी पेनाने ठिपका करून ठेवावा, म्हणजे बदल पटला नाही तर मूळ जागी परत येता येते.